उजेडाच्या भिंतीवरचा बाण

मी बाण बोलतोय. धनुष्यातला नव्हे, उगाच हुरळून जाऊ नका. हातभर लांबीचा पिवळा सनबोर्ड, म्हणजे फोमचा जाड पुठ्ठा, त्यावर ठसठशीत काळ्या अक्षरांत ‘रक्त तपासणी’ आणि त्याखाली डावीकडे तोंड केलेला मी. गोड बोलायची मला सवय नाही. नऊ दिवस रोज सकाळी आठपासून ज्याने लोकांच्या शिव्या खाल्ल्या, त्याच्या तोंडून अमृत कुठून गळणार?

माझा जन्म डिझाइन कॉलेजच्या वर्कशॉपात झाला. शेवटच्या वर्षाच्या एका पोरीने मला कापलं. शेवटचं वर्ष तिचं दुसऱ्यांदा चाललं होतं. गेल्या वर्षी परीक्षकांनी तिचं प्रोजेक्ट परत केलं होतं. वडिलांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, “यंदा सुटलीस तर ठीक, नाहीतर सामान बांध आणि मुकाट्याने घरी ये.” हे मी स्वतः ऐकलंय. फोन स्पीकरवर होता आणि तिचे दोन्ही हात माझ्यावर होते.

यंदा तिने मोठ्या दवाखान्यातल्या पाट्यांचं काम घेतलं. तिथे माणूस शिरला की चक्रव्यूहात शिरल्यासारखा फिरतो. अधू नजरेच्या म्हाताऱ्यालाही कुणाला न विचारता जागेवर पोचता यावं, असं तिच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलं होतं. खोटं का बोलू? अक्षरांवर तिने जीव ओतला. वीस पावलांवरून वाचता येतात की नाही, हे बघायला ती स्वतःचा चष्मा काढून मागे मागे जायची आणि टेबलावर आपटायची. आम्ही अकरा पाट्या होतो. तेव्हा मला वाटायचं, आपल्या हातून कुणाचं तरी भलं होणार. मूर्ख होतो, दुसरं काय!

दवाखान्याने एका दिवसाची परवानगी दिली. पाट्या लावा, फोटो काढा, संध्याकाळी काढून न्या. माझी जागा जिन्याजवळच्या उत्तरेच्या भिंतीवर ठरली होती. तिथे लावलं असतं, तर माझं टोक बरोबर तपासणीच्या खिडकीकडे गेलं असतं. पण त्या भिंतीवर अंधार. समोरच्या भिंतीवर मात्र खिडकीतून सुरेख ऊन पडलं होतं. पोरीने कॅमेऱ्यातून इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि मला उचलून उजेडात चिकटवलं.

आता जरा डोकं चालवा. भिंत बदलली की डावी बाजू बदलते. माझा बाण तोच, पण आता तो तपासणीकडे पाठ करून लाँड्रीकडे बोट दाखवत होता.

चादरींची गाडी ढकलत लाँड्रीतली मावशी तिथून चालली होती. ती थबकली.

“अगं पोरी, हे उलटं लागलंय ना?”

“हो मावशी, फोटोपुरतंच आहे. दोन मिनिटांत काढते.”

ती दोन मिनिटं नऊ दिवस चालली! दहा पाट्या तिने पिशवीत भरल्या आणि मला विसरून गेली. दुसऱ्या दिवसापासून रक्त द्यायला आलेली उपाशीपोटी माणसं माझ्याकडे बघून निमूट डावीकडे वळायला लागली. मावशीच्या दारात बाह्या वर केलेल्या लोकांची रांग लागली.

“अहो, मी रक्त काढत नाही, डाग काढते!” मावशी ओरडायची. “उलटं फिरा सगळे! कोण मेल्याने लावलाय हा बोर्ड?”

माणसं परत येताना माझ्याकडे बघून जे बोलायची, ते इथे लिहिण्यासारखं नाही. एकाने तर मला चप्पल दाखवली. मावशी मला उपटायला निघाली, पण आधी तिने ऑफिसात विचारलं. कारकून म्हणाला, “कोणी लावला?” मावशी म्हणाली, “कॉलेजच्या पोरीने.” कारकून म्हणाला, “मग परवानगीचाच असणार. लेखी आल्याशिवाय हात लावू नका.” झालं! ज्या गोष्टीला धनी नाही, तिला हलवणाराही नाही. सकाळी मावशी दारात असायची म्हणून निदान माणसं परत फिरायची. दहा ते अकरा ती दाराला कुलूप लावून चादरी वाटायला वॉर्डात जाते. त्या तासात माझ्यामागे गेलेली माणसं बंद दार ठोठावून कंटाळायची आणि रक्त न देताच घरी जायची; तपासणीची खिडकीही अकरालाच बंद होते.

नवव्या दिवशी साडेदहाला पोरगी परत आली. मला वाटलं, सुटलो बुवा एकदाचे. पण तिच्याबरोबर बाहेरचे परीक्षक होते, पांढऱ्या दाढीचे, काखेत गुणांचा कागद. कॉलेजात तिने माझा फोटो दाखवला होता, तेव्हा ते म्हणाले होते, “फोटो सगळेच छान काढतात. लोक वापरतायत, असा एक तरी बोर्ड दाखव. नाहीतर मी सही करणार नाही.” आणि लावलेला असा मी एकटाच उरलो होतो. तिचा विसरभोळेपणाच तिच्या कामी आला होता.

“आठवडाभर लावून ठेवलाय सर,” ती म्हणाली. माझ्याकडे मात्र तिने बघितलं नाही. तिला सगळं आठवत होतं.

तेवढ्यात एक आजी-आजोबा आले. आजींच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. रक्ताचा रिपोर्ट मिळाल्याशिवाय डॉक्टर तारीख देईनात. आजींनी मान वर केली आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. “र-क्त त-पा-सणी. अहो, वाचता आलं मला! किती छान मोठी अक्षरं आहेत. कुणी केलं हो हे?”

“ह्या मुलीने,” परीक्षक खुश होऊन म्हणाले आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

“देव तुझं भलं करो गं बाळा. इकडेच ना?”

पोरीने तोंड उघडलं. आता बोल, मी मनात म्हणालो. चुकून लागलाय म्हण. शेजारच्या माणसाचं पेन थांबलंय, तरी बोल.

“हो आजी. इकडेच.”

दोघं हळूहळू डावीकडे गेली. मला हात असते, तर त्या पोरीच्या कानाखाली जाळ काढला असता.

परीक्षक बाकावर बसून गुण भरत होते, तेवढ्यात आजी-आजोबा परत आले. आजी भिंतीला धरून चालत होत्या. पोटात कालपासून अन्नाचा कण नव्हता.

“दार बंद आहे हो,” आजोबा म्हणाले. “आम्ही दोन गाड्या बदलून येतो. पहिली गाडी पकडली तरी साडेदहा होतात. उद्या उघडं असेल का?”

तपासणीची खिडकी उजवीकडे तीस पावलांवर होती आणि अजून वीस मिनिटं उघडी राहणार होती. पोरीला ते पाठ होतं. दवाखान्याचा नकाशा तिनेच तर काढला होता. तिने परीक्षकांच्या पेनाकडे बघितलं.

“उद्या असेल आजोबा. उद्या या.”

परीक्षकांनी सही केली, तिच्या पाठीवर थाप मारली आणि ते गेले. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडताच पोरगी माझ्यावर तुटून पडली. नखांनी टेप ओरबाडला, मला गुडघ्यावर मोडलं, बाहेर आणलं आणि फाटकाजवळच्या कचऱ्याच्या डब्यात कोंबलं. रडत होती. रडू दे. मला तिची तसूभरही दया आली नाही. ती अजून आजींना हाक मारू शकत होती, हाताला धरून आत खिडकीपाशी नेऊ शकत होती. आजी तर डब्याशेजारच्याच बाकावर गाडीची वाट बघत बसल्या होत्या. पोरीने डोळे पुसले, फोन कानाला लावला आणि त्यांच्यासमोरून निघून गेली. “बाबा, सुटले मी!”

आजींनी तिला हात हलवला. मग त्या आजोबांना म्हणाल्या, “उद्या कुणाला विचारायला नको आता. बाण नीट बघून ठेवलाय मी. जिन्यापाशी डावीकडे, सरळ जायचं, शेवटचं दार.”

माझे दोन तुकडे झालेत. अंगावर चहाचे कागदी कप पडलेत. संध्याकाळी गाडी येऊन मला घेऊन जाईल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण उद्या साडेदहाला तुमच्यापैकी कुणी त्या जिन्यापाशी असलं, तर एवढं करा. भिंतीवर आता मी नसेन, तरीही ती बाई डावीकडेच वळेल. तिला हाताला धरून उजवीकडे न्या.