बादलीला कोणीही लाथ मारली नव्हती

मित्रांनो, मी चामड्याची एक जुनी बादली आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी उसासे टाकत सांगावी असा रिवाज आहे. मला ते जमणार नाही. मला राग आहे, आणि इतक्या वर्षांत तो जराही निवलेला नाही.

एलिचपूरच्या गयासुद्दीनमियांनी मला म्हशीच्या कातड्यातून शिवलं. छावणीतल्या गोऱ्यांची खोगिरं आणि पखाली शिवण्यात त्यांचा हात बसला होता. तिथून मी अमरावतीला एका साहेबाच्या कापसाच्या आवारात आले. तेव्हा दूर अमेरिकेत लढाई चालू होती आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता. आवारात कापसाचे डोंगर उभे असत. ठिणगी पडली तर पाणी हवं, म्हणून आम्हा बारा बादल्यांची रांग भिंतीला टांगलेली असे.

आम्हाला रोज भरायचं काम नत्थुजीचं. अंजनगावाकडचा हा शांत माणूस मला खाली ठेवतानासुद्धा आपटत नसे.

चैत्रातल्या एका दुपारी गंजीला आग लागली. सगळे बाहेर पळाले, नत्थुजी मला घेऊन आत शिरला. सात खेपा केल्या त्यानं. आठव्या खेपेला छपराचं जळतं लाकूड त्याच्या अंगावर कोसळलं. माझी एक बाजू चेपली. कापूस वाचला. नत्थुजीला बैलगाडीत घालून अमरावतीच्याच छावणीच्या दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबाची चिठ्ठी आली. आमच्या साहेबानं ती ओसरीवर मोठ्यानं वाचली, "नत्थू हॅज किक्ड द बकेट." मग कारकुनाला म्हणाला, "त्याच्या बायकोला कळव," आणि टांग्यात बसून अकोल्याला निघून गेला.

कारकून भगवंतराव पुस्तकावरून इंग्रजी शिकलेले. 'किक' म्हणजे लाथ, 'बकेट' म्हणजे बादली. दोन्ही शब्द त्यांना येत होते. मग विचारायचं कशाला? लाथ मारली म्हणजे बरा होऊन पळाला, असं त्यांनी ठरवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी आगीची खबर ऐकून नत्थुजीची बायको मनकर्णा भाकरी बांधून धावत आली. भगवंतराव म्हणाले, "बाई, तुया नवरा बरा झाला अन् पळून गेला. साहेबाच्या बादलीले लाथ मारून गेला. हे पाह्य, कशी चेपली!"

आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं! माझ्याकडे!

"थे अन् लाथ मारतीन?" मनकर्णा म्हणाली. "भांड्याले चुकून पाय लागला त हात जोडते बाबूजी थो माणूस."

"मंग मी काय खोटं बोलून रायलो? कागदावर लिवलं हाय."

नऊ दिवस ती फाटकाशी बसून होती. अंजनगावच्या प्रत्येक गाडीवानाला विचारत होती, आमचा माणूस दिसला काय? आवारातल्या बाया कुजबुजू लागल्या, दुसरी बाई केली असेल. ती ऐकत होती आणि सकाळी कपाळाला कुंकू लावत होती. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

दहाव्या दिवशी गयासुद्दीनमियां बादल्या दुरुस्त करायला आले. मला हातात घेऊन त्यांनी विचारलं, ही कशानं चेपली? भगवंतरावांनी हसत चिठ्ठीतलं वाक्य सांगितलं. मियांनी हातातली आरी खाली ठेवली.

"मुन्शीजी, हे बादलीचं बोलणं नाई. छावणीतले गोरे माणूस मेला की असंच बोलतात. म्या इचारलं होतं एका सार्जंटले. म्हणे, त्यांच्या मुलखात डुक्कर कापाले आढ्याले उलटं टांगत. त्या आढ्याले बकेट म्हणत. मरताना थ्या जनावराचे पाय त्याच्यावर आपटत. दुसरा म्हणे, गळफास घेणारा पायाखालची बादली लाथाडते. खरं काय, त्याइलेई ठाव नाई. पन अर्थ एकच. नत्थुजी गेला."

मनकर्णा मागे उभी होती. तिनं सगळं ऐकलं. रडली नाही. भगवंतरावांसमोर येऊन म्हणाली, "मले आपल्या बोलीत सांगा."

"बाई, चूक झाली..."

"चूक नका सांगू. थे कसे मेले, थे सांगा. मोठ्यानं. साऱ्याइले आयकू जाऊ द्या."

आवारातलं काम थांबलं. भगवंतराव म्हणाले, "नत्थुजी आग विझवताना भाजला अन् दवाखान्यात मेला. थो पळाला नाई. त्यानं लाथ मारली नाई."

तोवर दवाखान्यानं त्याला बेवारस म्हणून जाळलं होतं. गयासुद्दीनमियांनी तिला आपल्या गाडीत घेतलं आणि ती जागा शोधायला नेलं. ती पुन्हा आवारात आली नाही.

साहेब मात्र परत आला. घडलेलं ऐकून पोट धरून हसला. मला त्यानं बंगल्यात खुंटीला टांगलं. जेवायला पाहुणे आले की माझ्याकडे बोट दाखवून कारकुनाची फजिती रंगवून सांगे. टेबलाभोवती हशा पिके. वर्षानुवर्षं मी ते हसणं ऐकलं. त्यात नत्थुजीचं नाव एकदाही आलं नाही.

मित्रांनो, परकी भाषा जरूर शिका. पण शब्द येतो म्हणून अर्थ येतो असं समजू नका. अडलं तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. कोणाच्या मरणाची बातमी सांगायची असेल तर सरळ सांगा. आणि ही हकीकत पुढे कोणाला सांगाल, तर बादलीपासून सुरुवात करू नका. नत्थुजीपासून करा.