जेवणासकट नाच

बाईंनी सूपमध्ये चमचा एकदाच बुडवला आणि वाटी पुढे सरकवली.

"यांच्या नाचासारखंच आहे. नुसतं पाणी."

जावई हसला. लेक हसली नाही. आईला आवडेल म्हणून प्रवासातल्या या एका संध्याकाळी जेवणासकट नाचाची तिकिटं तिनेच काढली होती.

समोर फळ्यांच्या मंचावर घोळदार झगे सांभाळत बायका गिरक्या घेत होत्या. जन्मभर नाच शिकवलेल्या बाईंच्या जिभेला मग काय, उधाणच आलं. एकीचे हात म्हणजे वाळत घातलेले टॉवेल. दुसरीला नाचापेक्षा दात दाखवायची घाई. तिसरी अडखळली आणि रागाने फळ्यांकडे बघू लागली.

"नाचता येईना अंगण वाकडं!" बाई म्हणाल्या. "लोक माना खाली घालून जेवतायत, तेच बरं."

बोलता बोलता त्या बोटाच्या पेराने टेबलावर ताल ठोकू लागल्या, वर्गात काठीने ठोकत तसा. त्यासरशी लेकीचा घास हातातच राहिला आणि पाठ ताठ झाली. चाळिशीची झाली होती, पण बसली वर्गातल्या पोरीसारखी. त्या वर्गातून ती सोळाव्या वर्षी उठून गेली, ती पुन्हा कधी नाचली नव्हती. बाई सगळ्यांना सांगत, आळशी आहे कार्टी.

शेवटी नाचणाऱ्या खाली उतरून प्रत्येक टेबलावरून एकेकाला ओढून नेऊ लागल्या. मघाशी अडखळलेली लेकीपुढे हात करून उभी राहिली. लेक अर्धी उठली. तिचा चेहरा इतका उजळला की जावयाने टाळ्याच वाजवल्या. मग तिचं लक्ष आईकडे गेलं आणि ती खाली बसली.

"का गं?" जावयाने विचारलं.

"नको. आई बघतेय."

ती चिडून म्हणाली नाही, आणि बाईंना तेच फार लागलं. मग त्या उठल्या, खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि मंचाला पाठ करून बसल्या.

"जा. नाही बघत मी."

लेक गेली. मागे फळ्यांवर पावलं वाजू लागली.

"आई, वळा तरी," जावई म्हणाला. "काय छान नाचतेय!"

"अर्धी मात्रा मागे पडतेय," बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "तिला सांगू नका."