तोंड रस्त्याकडे

मी एक जुनी लष्करी जीप बोलतेय. बोलतेय म्हणजे काय, इंजिन बंद केल्यावरही जरा वेळ थरथरत राहते, तेच माझं बोलणं समजा.

फौजेत आम्हाला एक शिस्त होती. गाडी लावायची ती तोंड बाहेर करून. हुकूम आला की वळवण्यात वेळ जायला नको. त्यामुळे उभी असले तरी मी निघालेलीच असायचे. चिखल, वाळू, नदीतले गोटे, सगळं तुडवलं. इंजिन बदललं गेलं, रंगाचे थरावर थर चढले. पुढे नव्या गाड्या आल्या आणि मला लिलावाच्या आवारात भिंतीकडे तोंड करून उभं केलं. पायरीपर्यंत गवत वाढलं. समोर भिंत आणि मागे रस्ता! माझा जीव नुसता तळमळायचा.

मला घेतलं ते गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी. डोंगरातल्या वस्त्यांवर जायचं तर अर्धी वाट नदीच्या पात्रातून; त्यांची आधीची गाडी तिथेच कायमची बसली होती. सोबत त्यांचा धाकटा भाऊ होता, गाड्या रंगवणारा. लिलावाची अट कडक होती. मुदतीत रस्त्यासाठी नोंदणी झाली नाही, तर मला परत आणून द्यायचं आणि मग भंगारात कापायचं.

मग माझं वेषांतर सुरू झालं. लष्करी हिरवा रंग गेला. शत्रूला दिसू नयेत म्हणून झाकलेले दिवे गेले, लख्ख उघडे आले. भाऊ कामाला मोठा हौशी. त्याने माझा सांगाडासुद्धा घासून काढला. पुढच्या चाकामागे चेसीवर ठोकलेला माझा नंबर रंगाखाली दबला होता. त्याला ते गंजाचे खड्डे वाटले आणि त्याने ते पुट्टीने प्रेमाने बुजवले. "अरे, ते माझं नाव आहे!" असं ओरडावंसं वाटलं, पण हॉर्नची वायर अजून जोडायची होती.

नोंदणी कचेरीत तपासणीला साहेबांनी नंबराचा ठसा घ्यायला चेसीवर कागद धरून पेन्सिल घासली. कागद नुसताच काळा झाला.

"नंबर कुठाय?"

"असेल की, साहेब," भाऊ म्हणाला.

"असेल? इंजिन बदललेलं, रंग बदललेला, चेसीवर नंबर नाही. मग कागदावरची गाडी हीच कशावरून?"

डॉक्टरीणबाई भावाकडे वळल्या. "तू तिथे काय केलंस?"

"काही नाही गं, ताई. गंजाचे खड्डे होते, ते भरले. हात फिरवून बघ, लोण्यासारखं लागतंय."

"लोण्यासारखं! तुझ्या हाती मूर्ती दिली, तर नाकडोळेही सपाट करशील!"

साहेबांना हसू आलं, पण शिक्का काही उठला नाही. "बाई, मुदत आज संपतेय. कचेरी बंद व्हायच्या आत नंबर दाखवा, नाहीतर माझा नाइलाज आहे."

भावाने घासायचं यंत्र उचललं.

"ठेव ते खाली! उरलंसुरलंही जाईल."

त्या माझ्या चाकापाशी फतकल मारून बसल्या. कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवून चेसीवर दाबला, पुट्टी मऊ होऊ दिली आणि गाईच्या खुरातला खडा काढायच्या आकडीने अलगद उकरू लागल्या. घाई मला होती, त्यांना नव्हती. भाऊ बोळे पुरवत होता आणि घडीघडी कचेरीच्या दाराकडे बघत होता.

एकेक आकडा उघडा पडत गेला. शेवटचा मात्र अडला. तीन की आठ?

"साहेब, तीनच म्हणा ना. दार लावायला लागले!" भाऊ म्हणाला.

"मी म्हणून भागलं असतं, तर पेन्सिल कशाला बाळगली असती?"

ताईंनी आणखी एक बोळा दाबून धरला. पेन्सिल फिरली. आठ उमटला. साहेबांनी लिलावाचा कागद पाहिला. तिथेही आठच.

"तुमचं ऐकलं असतं," ते भावाला म्हणाले, "तर तुम्हीच कापली असती गाडी." आणि शिक्का उठला.

पुढे नंबरप्लेट लागली. त्या संध्याकाळी ताईंनी मला अंगणात आणलं, भिंतीकडे तोंड करून लावलं आणि चावी काढली. मी थांबेचना, थरथरत राहिले.

"ताई," भाऊ हसला, "हिला निघायचंय वाटतं."

मग पुन्हा चावी लावून त्यांनी मला वळवलं.

तुमच्याकडेही माझ्यासारखी कुणी असेल, तर एवढंच करा. तिचं तोंड रस्त्याकडे ठेवा.