अठ्ठ्याण्णव गुणांचा ठिपका

मित्रांनो, मी एक जुनी मोजणीची फीत आहे. लांबी तीस मीटर, टोकाला पितळी कडी, राहायला चामड्याची गोल डबी. माझ्या कापडात तांब्याच्या तारा विणणारा कारागीर म्हणाला होता, "हिला कितीही ताणा, खोटं बोलणार नाही." एवढ्या एका प्रशस्तिपत्रावर मी रस्ते आखणाऱ्या कचेरीत लागले, तपासनीसबाईंच्या हाताखाली.

नवा रस्ता आखण्याआधी जमिनीत काय जुनेपुराणे आहे, विहिरी, भट्ट्या, थडगी, त्याचा नकाशा करायला कंत्राटदार नेमत. एकेका अवशेषाला एक लाल ठिपका. रस्ता ते ठिपके चुकवून जाई. बाई त्या कंत्राटदारांना शंभरपैकी गुण देत आणि गुण कमी पडले की पुढचे काम बंद. ठिपक्यांच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या बरणीत घालायच्या, दहा काढायच्या, त्या दहा जागी पायी जायचे आणि मला उलगडायचे, ही त्यांची रीत. एका पठ्ठ्याने गाडीतून न उतरताच नकाशा केला होता. त्याची सगळी प्राचीन संस्कृती डांबरी रस्त्याच्या कडेलाच नांदत होती! त्याला अकरा गुण मिळाले.

म्हाताऱ्या नानांचे मात्र तसे नव्हते. वीस वर्षे मी त्यांचे ठिपके मोजले, एकही वीतभर हलला नाही.

मग एकदा नानांचा नकाशा आला, जेमतेम दहा ठिपक्यांचा. ड्रायव्हरने विचारले, "बाई, गाडी काढू?"

"नानांचा आहे ना? अहो, हातच्या कांकणाला आरसा कशाला!" बाई हसल्या आणि बसल्या जागी अठ्ठ्याण्णव गुण लिहिले. बरणी उघडलीच नाही. मी खणात पडून होते. मला फार वाईट वाटले, पण फितीला कोण विचारतो?

झाले होते असे. ओढ्याला पूर होता, म्हणून नाना अलीकडच्या काठावर थांबले. उभ्या जागेची नोंद घेतली, दुर्बिणीच्या यंत्रातून अंतर काढले आणि शेऱ्यात लिहिले, 'भट्ट्या समोरच्या काठावर, एकशे वीस मीटर.' नोंदी संगणकात भरताना तो शेऱ्याचा रकाना त्यांच्याकडून राहून गेला. ठिपका अलीकडेच पडला. तो जपायला म्हणून आखणी करणाऱ्यांनी रस्ता ओढ्यापलीकडे सरकवला. मित्रांनो, भट्ट्या वाचवण्यासाठी वळवलेला रस्ता भट्ट्यांवरूनच गेला.

बातमी कळताच बाईंनी मला खणातून काढले. आम्ही पोचलो तेव्हा नाना मातीच्या ढिगाऱ्याशी बसले होते. खोदयंत्राने एक भट्टी अर्धी कापली होती. आत मडकी रचलेली होती. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी ती भाजायला लावली होती आणि काढायला आलेच नव्हते. आता त्यातले एकही धड नव्हते.

"बाई, माझं चुकलं. शेरा राहिला," नाना म्हणाले.

"नाना, माणूस म्हटला की राहायचंच. राहिलेलं शोधायला मला नेमलंय. आणि मी खुर्चीत बसून गुण वाटले."

ओढा आता कोरडा होता. बाईंनी मला ठिपक्यापासून भट्टीपर्यंत चार वेळा उलगडले. बरोबर एकशे वीस. नानांचे माप तसूभरही चुकले नव्हते. ते ऐकून नानांनी तोंड फिरवले. त्यानंतर त्यांनी नकाशाचे काम कधी घेतले नाही.

पुढे कचेरीने हुकूम काढला, यापुढे प्रत्येक ठिपका जागेवर जाऊन मोजावा. बैल गेला नि झोपा केला!

मित्रांनो, परक्याचे काम सगळेच तपासतात. ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याचेही तपासत जा. त्यात त्याचा अपमान नसतो. त्या दिवशी बाईंनी मला बरोबर घेतले असते, तर नाना थोडे रुसले असते. आणि भट्ट्या राहिल्या असत्या.