दोनाचा पाचशे एकविसावा घात

अंबादास देशिंगकर, घरातले आण्णा, शाहूपुरीतल्या एका शाळेत गणित शिकवीत. सत्तेचाळीस साली ते निवृत्त झाले आणि त्यांनी एक संख्या हातात घेतली: दोनाचा पाचशे एकविसावा घात, त्यातून एक वजा. दीडशेहून जास्त आकडे. ही मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून कशानंही तिला भाग जात नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. एवढी मोठी मूळ संख्या तोवर कुणालाच ठाऊक नव्हती.

रीत साधी होती. चारापासून सुरुवात. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, त्या मोठ्या संख्येनं भागायचं आणि जी बाकी उरेल तिच्यावर पुन्हा तेच. असं पाचशेहून जास्त वेळा. शेवटची बाकी शून्य आली, तर संख्या मूळ.

एकेका पायरीला दोन-तीन दिवस जात. आण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला, तेव्हा त्यांनी मुलीला, नंदिनीला, मदतीला घेतलं. ती इंटरला होती.

"एक वर्ष कॉलेज राहू दे," ते म्हणाले. ते वर्ष लांबतच गेलं. गारगोटीहून स्थळ आलं तेव्हा तिची आई म्हणाली, "आता तरी तिला सोडा की."

"अर्ध्यावर आलंय," आण्णा म्हणाले.

नंदिनीनं पुढचा कागद ओढला. तिलाही शेवट बघायचा होता.

बावन्न साली थोड्याच पायऱ्या उरल्या असताना आण्णांचे जुने विद्यार्थी गणपतराव आले. ते आता कॉलेजात शिकवीत.

"सर, तुमची संख्या अमेरिकेत विजेच्या यंत्रानं तपासली. मूळच आहे."

"किती वेळ लागला?"

गणपतरावांनी मान खाली घातली. "मिनिटभर."

आण्णांनी त्या उन्हाळ्यात अंथरूण धरलं. नंदिनी मात्र रोज बसत राहिली. शून्य आलं, तर निदान आपलं काम बरोबर होतं एवढं तरी म्हणता येईल, असं तिला वाटत होतं.

दिवाळीच्या तोंडावर शेवटचा भागाकार झाला. शून्य आलं नाही. प्रत्येक पायरीला अंकांची बेरीज करून नवाचा ताळा पाहिला होता, सगळे जुळले होते. पण लिहिताना शेजारचे दोन आकडे उलटे पडले, तर ताळ्यात ते सापडत नाही. तसं कुठंतरी झालं होतं आणि तिथून पुढचं सगळं फुकट गेलं होतं.

"आलं का गं?" आण्णांनी आतून विचारलं.

"नाही. बाकी उरली."

"कुठं चुकलं?"

"ते कळायला पहिल्यापासून करावं लागेल."

आण्णा म्हणाले, "मग बस पहिल्यापासून."

"मी आता नाही बसणार, आण्णा."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच उठून बसले. दिसत नसल्यामुळे आकड्यावर आकडा पडत होता. चार, चौदा, एकशे चौऱ्याण्णव. त्याच्या पुढचाच वर्ग चुकला. चहा ठेवताना नंदिनीला ती चूक दिसली. ती आत गेली. आण्णा ती चुकलेली संख्या घेऊन पुढचा गुणाकार मांडू लागले.