नोरीनबाईंचा खोटा खंजीर

मित्रांनो, मी खंजीर आहे, जुना आणि खोटा. माझ्या मुठीत स्प्रिंग आहे. टोक अंगावर दाबलं की पातं मुठीत शिरतं आणि बघणाऱ्याला वाटतं, भोसकलं.

ओमानमधल्या बरका गावातल्या एका कारखान्यात सावंतवाडीच्या बाळकृष्ण मेस्त्रींनी मला घडवलं. समोर खरा खंजीर ठेवून त्यांनी माझी मूठ आणि म्यान हुबेहूब केलं. ओळखायला फक्त माझ्या म्यानाला लाल दोरा बांधला.

२०१६ साली अमेरिकेहून नोरीन हॅस्केट आल्या. विसाव्या वर्षी अभिनेत्री झालेल्या या बाई दहा वर्षं पडद्यावर मरतच राहिल्या: गळा दाबून, गाडीखाली, बाथटबमध्ये बुडून. चौदाव्या मरणानंतर त्या स्वतःच पटकथा लिहू लागल्या. इथे चित्रित होणाऱ्या त्यांच्या चित्रपटात भोसकलेली बाई, म्हणजे त्या स्वतः, तोच खंजीर उपसून मारेकऱ्याला ठार करते.

मारेकरी होता मस्कतचा मुस्तफा. तालमीत तो मला रोज त्यांच्या खांद्यात खुपसायचा.

"जोर लाव. लाजतोस काय?"

"मॅडम, माझी आई पिक्चर बघणार आहे."

दसऱ्याला मेस्त्रींनी करवत, पटाशी आणि आम्ही दोघे खंजीर एका चादरीवर मांडून हळदकुंकू वाहिलं. नंतर पुसून म्यानात घालताना लाल दोऱ्याच्या म्यानात खरा गेला.

दुसऱ्या सकाळी खजुरीच्या बागेत चित्रीकरण होतं, आणि मुस्तफाने जोर लावला. पातं खांद्यात मुठीपर्यंत रुतलं. बाई किंचाळल्या. अभिनय समजून सगळे बघत राहिले. मग वाळू लाल झाली.

"खरा का उचललास?" व्यवस्थापक शिरीषने मुस्तफाची कॉलर धरली.

"त्येका सोडा," मेस्त्री म्हणाले. "म्यान माज्या हातान चुकला."

"काका, गप्प बसा. तुरुंगात जाल."

"जाईन. पोराक कित्याक अडकवतास?"

बाई वाचल्या. हा अपघात होता, असं त्यांनी पोलिसांना लिहून दिलं. मेस्त्रींना मात्र एक अट घातली: "बालू, आधी स्वतःच्या छातीवर दाबून दाखव. मगच मुस्तफाच्या हातात दे." चित्रीकरणाचे उरलेले सगळे दिवस मेस्त्री मला रोज छातीवर दाबत. दाबताना त्यांचे डोळे मिटलेले असत.

बाईंचा उजवा हात पुन्हा नीट चालला नाही. त्या चित्रपटानंतर अभिनय सुटला. डाव्या हाताने त्या लिहीत राहिल्या.

मी कारखान्यातल्या खोक्यात पडून राहिलो. खाऱ्या हवेत माझी स्प्रिंग गंजली. तिला कोणी तेल दिलं नाही. आता दाबलं तरी पातं मुठीत शिरत नाही. मित्रांनो, मला तेल द्या, नाहीतर मोडून टाका. पण खोटा आहे म्हणून कुणाच्या अंगावर दाबू नका.