आधी बघ, मग पूस

जुना सर्व्हर कायमचा बंद करण्याआधी मी सहज 'हिस्टरी' टाइप केलं. वर्षानुवर्षांच्या कमांड पडद्यावर आल्या. त्यात माझ्या आधी हा सर्व्हर सांभाळणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या ताईंचा हात लगेच ओळखू आला: फाइली पुसणाऱ्या प्रत्येक 'आरएम'आधी त्या दाखवणारं 'एलएस'.

नवखी असताना मी सगळ्या ऑफिसची मेल पुसायच्या बेतात होते. ताईंनी माझं मनगट धरलं. "आधी एलएसनं बघ, काय जाणार आहे. गेलेलं परत येत नाही, बाळा."

मी त्यांना फोन लावला. "तुमची हिस्टरी वाचतेय. एक कमांड सलग सात वेळा चुकलीय."

"तू शेजारी बसून बडबडत असशील," त्या म्हणाल्या.

मी हसले. कमांडची ती यादी मी उतरवून घेतली, मगच सर्व्हर बंद केला.